रस्ता झाला, पण कुणासाठी?

जालना जिल्ह्याच्या काळ्या मातीत पावसाळ्यात धडधाकट माणूसही रुततो. म्हणून वस्तीत सिमेंटचा रस्ता आला तेव्हा आम्हाला आनंदच झाला. पण रस्ता दारापेक्षा वीतभर उंच, मधे उघडी नाली. तीनचाकी सायकलवरचा आमचा एक बांधव आजही दोघांनी उचलूनच रस्त्यावर आणावा लागतो. तोही रोज नाही; माणसे मजुरीला गेली की तो घरातच.

संविधानाच्या कलम 15(2) मध्ये विहिरी, तलावांसोबत रस्तेही आहेत. रस्ता नाकारणे म्हणजे काय, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. त्या कलमात मात्र अपंगत्वाचा उल्लेख नाही. ते काम 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने केले. 8 नोव्हेंबर 2024 रोजी राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला बजावले: सुगम्यतेच्या नुसत्या शिफारशी नकोत, बंधनकारक नियम करा.

आमची मागणी साधी आहे. एक फूट उंचीला बारा फूट लांबीचा उतार आणि नालीवर ढापे, तेही अंदाजपत्रकातच. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नाचे 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्चायचे असतात. ते कुठे गेले, हे ग्रामसभेत विचारा. अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. तोंडी आश्वासनावर आमचा एक पावसाळा गेला.