पदवीचीही उगवण तपासा

मूल पहिले पाऊल टाकते, आपण टाळ्या वाजवितो. म्हणून ते दुसरे टाकते. या तत्त्वावरील शास्त्र म्हणजे उपयोजित वर्तन विश्लेषण. स्वमग्न मुलांना बोलणे, जेवणे पायरीपायरीने शिकविण्यास ते वापरतात. अमेरिकेतील काही विद्यापीठे त्याची पदव्युत्तर पदवी घरबसल्या, ऑनलाइन देतात.

परंतु नुसत्या पदवीने भागत नाही. तेथील प्रमाणपत्र मंडळाला देखरेखीखालील १५०० ते २००० तासांचे काम आणि परीक्षा लागते. शिवाय २०२३ पासून भारतात राहणाऱ्यांचे नवे अर्ज ते मंडळ घेत नाही.

तेव्हा फीसाठी सातबाऱ्यावर बोजा चढविण्यापूर्वी विचार करा. मुलीला इथेच काम करावयाचे असेल, तर भारतीय पुनर्वास परिषदेने मान्य केलेले विशेष शिक्षणाचे अभ्यासक्रम आधी पाहा. पेरणीपूर्वी बियाण्याची उगवण तपासतो, तशी पदवीचीही तपासावी.