कुलाब्याची सुई

मुंबईकराला कुलाबा वेधशाळा आठवते ती जुलैत. हिंदमाताला गुडघाभर पाणी साचतं, लालबाग-परळची वाहतूक अडते आणि रात्रीच्या बातम्यांत कुलाबा अमुक मिलिमीटर, सांताक्रूझ तमुक, असा हिशेब ऐकू येतो. याच वेधशाळेच्या जुन्या नोंदींत एका वेगळ्याच वादळाचा आकडा आहे. तारीख 2 सप्टेंबर 1859.

ईस्ट इंडिया कंपनीने 1826मध्ये ही वेधशाळा उभारली. 1841पासून तिथे पृथ्वीचं चुंबकत्व मोजलं जाऊ लागलं. टांगलेलं चुंबक (सुई म्हणायचं ते आपल्या सोयीसाठी), त्याची हालचाल दाखवणारी मोजपट्टी आणि ठरल्या वेळी डोळा लावून आकडा टिपणारा माणूस, एवढाच सरंजाम. 1859च्या त्या दिवशी क्षितिजसमांतर चुंबकीय बल सुमारे 1600 नॅनोटेस्लांनी कोसळलं. मार्च 1989मध्ये कॅनडाच्या क्युबेक प्रांताची वीज घालवणाऱ्या सौरवादळाचा जागतिक निर्देशांक उणे 589 नॅनोटेस्ला होता. एका ठिकाणचा आकडा आणि जगाची सरासरी यांची थेट तुलना करू नये, हे मान्य. पण अंदाज येतो. आदल्या दिवशी इंग्लंडमध्ये खगोलनिरीक्षक रिचर्ड कॅरिंग्टनने सूर्यडागांवर लखलखाट पाहिला होता. तिथून निघालेला तडाखा सुमारे साडेसतरा तासांत पृथ्वीवर पोहोचला. ब्रूस त्सुरुतानी, गुरबक्ष लाखिना आणि सहकाऱ्यांनी 2003मध्ये कुलाब्याच्या याच आकड्यांवरून त्या वादळाची तीव्रता नव्याने मांडली.

तडाखा मुंबईत मोजला गेला खरा, पण असे तडाखे करोनातून निघताना दिसायला आणखी शंभरावर वर्षं जायची होती. करोना म्हणजे सूर्याचं प्रभामंडल. बिचाऱ्या शब्दाची 2020मध्ये पार बदनामी झाली. या प्रभामंडलातून अब्जावधी टन वायू चुंबकीय क्षेत्रासकट उसळून बाहेर पडतो. सूर्याच्या पृष्ठभागाचं तापमान साडेपाच हजार अंश आणि वरच्या या विरळ वायूचं दहा लाखांहून अधिक. चुलीपासून दूर जावं तसतसं जास्त भाजावं, असला हा उलटा कारभार अजून पुरता उलगडलेला नाही. तेज मात्र सूर्यबिंबाच्या दहा लाखाव्या भागाइतकं. 2022च्या दिवाळीत लक्ष्मीपूजन आणि पाडव्याच्या मध्ये ग्रहण आलं, तेव्हा गिरगाव चौपाटीवरून ग्रासलेलाच सूर्य समुद्रात बुडताना पाहिला. करोना दिसण्याचा प्रश्नच नव्हता. त्याला खग्रास लागतं.

अशाच दोनेक मिनिटांच्या खग्रासासाठी 22 जानेवारी 1898 रोजी पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे कावसजी दादाभाई नायगमवाला करमाळा तालुक्यातल्या जेऊरला तळ ठोकून होते. कॅलिफोर्नियाच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेलही जेऊरलाच आले होते. इंग्लंडचे नॉर्मन लॉकियर होते विजयदुर्गच्या किल्ल्यावर. 1868च्या ग्रहणात लॉकियरनी याच किल्ल्यावरून हेलियम शोधला, ही कथा मोठ्या प्रेमाने सांगितली जाते. पण 1868मध्ये ते इंग्लंडमध्येच होते. कोकणी माणसाने रागावू नये, 1898 त्याचंच आहे.

या ग्रहणवेड्यांना 1869पासून करोनाच्या वर्णपटात एक हिरवी रेषा छळत होती. पृथ्वीवरच्या कुठल्याच मूलद्रव्याशी ती जुळेना, म्हणून ‘कोरोनियम’ नावाचं नवं मूलद्रव्यच कल्पून झालं. 1940च्या सुमारास उलगडा झाला: ते साधं लोखंड निघालं, 26पैकी 13 इलेक्ट्रॉन गमावलेलं. परळच्या वर्कशॉपमध्ये लोखंड वितळवायचं तर दीड हजार अंश पुरतात. ही अवस्था यायला काही लाख नव्हे, वीसेक लाख अंश लागतात.

ग्रहणाची वाट न पाहता ते दुर्बिणीतच घडवायचं, ही युक्ती फ्रान्सच्या बर्नार्ड लियोने 1930मध्ये साधली; अशी दुर्बीण म्हणजे करोनालेखक. डोळ्यांवर ऊन आलं की आपण कपाळावर हात धरतो, तसंच हे. फक्त इथे हाताच्या कडेवरून सांडणारा कवडसाही चालत नाही. हवा प्रकाश विखुरते, धूळ विखुरते, आरशावरचा सूक्ष्म ओरखडाही विखुरतो. हवेची पीडा टाळायला अवकाशात जावं लागतं. 2 डिसेंबर 1995 रोजी निघालेल्या सोहो यानावरचा लास्को करोनालेखक तेव्हापासून हेच काम करतो आहे, आणि सूर्याजवळून जाणारे पाच हजारांवर धूमकेतू त्याच्या चित्रांत जाता जाता सापडले.

आपलं आदित्य-एल1 हे सूर्ययान निघालं 2 सप्टेंबर 2023 रोजी, कुलाब्याच्या नोंदीला बरोबर 164 वर्षं झाली त्या दिवशी. योगायोगच, पण झकास. 6 जानेवारी 2024ला ते पृथ्वीपासून 15 लाख किलोमीटरवरच्या आपल्या कक्षेत पोहोचलं. बेंगळुरूच्या भारतीय ताराभौतिकी संस्थेने त्यावरचा व्हेल्क हा करोनालेखक बनवला. त्यात सूर्यबिंबाचा प्रकाश आरशातल्या भोकातून बाहेर काढून देतात. उरतो तो करोना, सूर्याच्या कडेला अगदी खेटून असलेलाही. 530.3 नॅनोमीटरची ती जुनी हिरवी रेषाही तो टिपतो. पुण्याच्या आयुकाची सूट ही दुर्बीण करोनाच्या खालचे थर 11 गाळण्यांमधून अतिनील प्रकाशात पाहते. युरोपच्या प्रोबा-3ने तर एका यानाची सावली 150 मीटरवरच्या, म्हणजे लोकलच्या सातेक डब्यांएवढ्या अंतरावरच्या, दुसऱ्या यानावर पाडून दाखवली. तीही आदित्यसारखीच श्रीहरिकोट्याहून उडाली, डिसेंबर 2024मध्ये.

मला मात्र आदित्यवरचं सर्वांत जवळचं वाटणारं उपकरण म्हणजे चुंबकमापक. यानाच्या स्वतःच्या विजेचा त्रास नको म्हणून तो 6 मीटर लांब दांडीवर बसवला आहे. हे दुखणं मुंबईला जुनं. शहरात विजेवरची ट्राम येणार म्हटल्यावर वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांनी चुंबकीय नोंदी अलिबागला हलवायचं ठरवलं. अलिबागचं काम 1904ला सुरू झालं, विजेची ट्राम आली 1907ला, आणि मधल्या काळात जुन्या-नव्या आकड्यांचा मेळ बसावा म्हणून दोन्हीकडे मोजणी चालू ठेवली. ट्राम 1964मध्ये दादरला जाऊन कायमची थांबली. सुई काही कुलाब्याला परतली नाही.

10 मे 2024च्या रात्री मोठं सौरवादळ आलं. लडाखमध्ये हान्लेचं आभाळ लालसर झालं. तेव्हा आदित्यवरच्या व्हेल्कची जुळवणी चालू होती आणि सूटही दुसऱ्या कामात अडकली होती. दोन्हींची दारं उघडली 14 मेला. तोवर हे डोळे मिटलेले होते. चुंबकमापकाने मात्र वादळ नोंदवलं, आणि अलिबागच्या सुईनेही.