व्हिडिओ बघून नाही, रोज गिरवूनच येतं कोडिंग

व्हिडिओ बघताना सगळं समजतं, पण स्वतः लिहायला बसलं की हात अडतो. गावात मोबाईलवर कोडिंग शिकणाऱ्या अनेक मुला-मुलींची हीच अडचण. नोकरीच्या मुलाखतीत तर समोर बसवून कोड लिहायला लावतात.

यावर उपाय म्हणजे 'काता'. शब्द कराटेतला, तेच डाव पुन्हा पुन्हा घोटायचे. प्रोग्रामर डेव्ह थॉमस यांनी तो कोडिंगमध्ये आणला.

उदाहरण दुधाच्या बिलाचं घ्या. पायथनमध्ये २०१६ साली ३.६ आवृत्तीत 'एफ-स्ट्रिंग' आली. अधिकचं चिन्ह देऊन मजकुराला आकडा जोडायचा, तर आधी त्या आकड्याचा मजकूर करावा लागतो. एफ-स्ट्रिंगमध्ये अवतरण चिन्हाआधी 'एफ' लिहायचं आणि महिरपी कंसात लिटर गुणिले दर टाकायचं. हिशोब तिथंच होतो.

पहिल्या दिवशी बघून लिहा. दुसऱ्या दिवशी सगळं पुसून न बघता लिहा. तिसऱ्या दिवशी पैसे दोन दशांशापर्यंत दाखवा. मग दहा उत्पादकांची यादी करा. चूक आली तर घाबरू नका, चुकीच्या संदेशाची शेवटची ओळ आधी वाचा.

पायथन मोफत आहे, मोबाईलच्या ब्राउझरमध्येही चालतं. फक्त कॉपी-पेस्ट नको. दुसऱ्याने म्हटलेले पाढे आपल्याला पाठ होत नाहीत.