कंपनीत ‘लागलो’ म्हणजे नेमकं काय? अप्रेंटिस, प्रशिक्षणार्थी आणि कामगार यांतला फरक मोबाइलवर असा तपासा

मागच्या वर्षी माझ्या मावसभावाचा व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज आला, “दादा, लागलो ना कंपनीत!” लाखनी तालुक्यातला पोरगा, आयटीआय फिटर. घरी पेढे वाटून झाले. दोन महिन्यांनी त्याचाच फोन आला, पण आवाज पडलेला. “दादा, ७००० सांगितले होते, खात्यात ५५०० च येतात. कंपनी पैसे कापते वाटते.”

मी गावी गेलो तेव्हा त्याचा मोबाइल हातात घेतला. दोन गोष्टी कळल्या. एक, तो कंपनीत ‘लागला’ नव्हता, तो अप्रेंटिस होता. दोन, कंपनीने एक रुपयाही कापला नव्हता. उरलेले १५०० दर महिन्याला त्याच्या एका जुन्या खात्यात जमा होत होते. शाळेत शिष्यवृत्तीसाठी उघडलेलं ते खातं घरात कुणाच्या लक्षातही नव्हतं.

त्या दिवशी वाटलं, या विषयावर एकदा सविस्तर लिहायला हवं. आपल्याकडे अप्रेंटिस असो, सरकारी योजनेतला प्रशिक्षणार्थी असो की पगारी कामगार, सगळ्यांना आपण ‘लागला’ म्हणतो. कायद्याच्या नजरेत मात्र ही तीन वेगळी नाती आहेत, आणि तिघांचे हक्कही वेगळे आहेत.

१. अप्रेंटिस म्हणजेच शिकाऊ उमेदवार

याच्यामागे १९६१ चा शिकाऊ उमेदवारी कायदा आहे. ३० किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला अप्रेंटिस घ्यावेच लागतात, एकूण मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के. म्हणजे कंपनी तुम्हाला घेते ती फक्त मेहेरबानी म्हणून नाही, तिच्यावर तशी जबाबदारी आहे.

कायद्यानुसार अप्रेंटिस हा कामगार नसतो, शिकणारा असतो. म्हणून त्याला पगार नाही, विद्यावेतन मिळतं. त्यातून पीएफ कापला जात नाही. शिकण्याचा काळ संपला की नोकरी देणं मालकावर बंधनकारक नाही, करारात तसं लिहिलेलं असेल तर गोष्ट वेगळी. ही ओळ बहुतेक पोरांना शेवटच्या महिन्यात कळते. तुम्हाला ती पहिल्याच दिवशी माहीत असावी.

मग फायदा काय? आयटीआयच्या ठरलेल्या ट्रेडमध्ये अप्रेंटिसशिप पूर्ण करून परीक्षा पास झालात की राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र मिळतं. ते देशभर चालतं. कंपनीच्या लेटरहेडवरचं ‘अनुभव पत्र’ त्याची जागा घेऊ शकत नाही.

आता ७००० चं गणित. २०१९ च्या नियमांत आयटीआय झालेल्यांसाठी महिन्याला किमान ७००० रुपये विद्यावेतन ठरलं. दुसऱ्या वर्षी त्यात १० टक्के वाढ होते. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत केंद्र सरकार विद्यावेतनाचा २५ टक्के वाटा उचलतं, पण जास्तीत जास्त १५०० रुपये. ७००० चे २५ टक्के होतात १७५०, म्हणून सरकारचा वाटा १५०० वर थांबतो. कंपनी देते ५५००. सरकारचा हा वाटा २०२३ पासून थेट उमेदवाराच्या खात्यात येतो. माझ्या भावाचं कोडं ते हेच.

अपघाताचंही इथेच सांगतो. २४ जानेवारी २०२५ ला जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत स्फोट झाला आणि ८ जणांचा जीव गेला. त्यानंतर आमच्या गावाकडच्या ग्रुपवर एक प्रश्न सारखा येत होता: अप्रेंटिस कामगार नाही, तर त्याला काही झालं तर भरपाई मिळते का? मिळते. प्रशिक्षणाच्या कामात इजा झाली तर अप्रेंटिसलाही कामगारासारखीच भरपाई द्यावी लागते, असं या कायद्यातच लिहिलेलं आहे. पण त्यासाठी तुमचा करार नोंदलेला पाहिजे.

२. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतला प्रशिक्षणार्थी

ही राज्य सरकारची योजना, २०२४ मध्ये सुरू झालेली. वय १८ ते ३५. विद्यावेतन बारावी पासला ६०००, आयटीआय किंवा पदविकाधारकाला ८००० आणि पदवीधराला १०,०००. नोंदणी महास्वयम पोर्टलवर. सुरुवातीला मुदत ६ महिने होती, २०२५ मध्ये आणखी ५ महिने वाढवून एकूण ११ करण्यात आली.

बरेच जण यात ग्रामपंचायत, शाळा, सरकारी कार्यालयांत लागले. ११ महिने संपल्यावर ‘आम्हाला कायम करा’ म्हणून राज्यात ठिकठिकाणी आंदोलनं झाली. पोरांचं दुःख खरं होतं. वर्षभर खुर्चीवर बसून काम केल्यावर ती खुर्ची आपली वाटणारच. पण योजनेच्या कागदात नोकरीचं वचन नव्हतंच. ते प्रशिक्षण होतं, शेवटी प्रमाणपत्र होतं. यात आलात तर ११ महिने मोजून वापरा. टायपिंग, टॅली, ई-ऑफिस, जे शिकता येईल ते शिका आणि सोबत पुढचे अर्ज चालू ठेवा.

३. कामगार

इथे पगार असतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत. त्यांच्यानुसार प्रत्येक कामगाराला नियुक्तीपत्र द्यायचं आहे. ठेकेदाराकडे असलात तरी ते मागा.

कामगार आहात की नाही हे बघायचा सोपा मार्ग म्हणजे पीएफ. २० किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला पीएफ लागू होतो. उमंग अ‍ॅपमध्ये ईपीएफओ सेवा उघडा, यूएएन टाका आणि पासबुक बघा. पगाराच्या स्लिपवर कपात दिसते आणि पासबुकात भरणा दिसत नाही, असं असेल तर लगेच विचारा. वर्षभर थांबू नका.

यूएएनचा आणखी एक उपयोग आहे. १ ऑगस्ट २०२५ ते ३१ जुलै २०२७ या काळात पहिल्यांदाच पीएफमध्ये नाव नोंदलं जाणाऱ्या, १ लाखापर्यंत पगार असलेल्या तरुणाला केंद्र सरकार एका महिन्याच्या पगाराइतकी, जास्तीत जास्त १५,००० रुपये रक्कम दोन हप्त्यांत देतं. पहिला हप्ता ६ महिने नोकरी टिकल्यावर, दुसरा १२ महिन्यांनी. योजनेचं नाव प्रधानमंत्री विकसित भारत रोजगार योजना.

‘खातं आधारशी लिंक आहे’ एवढं पुरेसं नाही

सरकारचे पैसे आधार क्रमांकावर पाठवले जातात. ते कोणत्या बँकेत टाकायचे हे एनपीसीआयच्या एका यादीवरून ठरतं, तिला मॅपर म्हणतात. केवायसीसाठी तुमचं आधार ५ बँकांत दिलेलं असू शकतं. मॅपरमध्ये मात्र एका वेळी एकच बँक असते. शेवटचं ‘सीडिंग’ ज्या बँकेत झालं तिथे पैसे जातात. तुम्ही पासबुक कोणतं बघता, याच्याशी त्याचा काही संबंध नाही.

तपासायचं कसं?

१. माय आधार संकेतस्थळ उघडा. आधार क्रमांक टाका, मोबाइलवर ओटीपी येईल, तो टाका.
२. ‘बँक सीडिंग स्टेटस’ वर जा. बँकेचं नाव आणि ‘अ‍ॅक्टिव्ह’ की ‘इनअ‍ॅक्टिव्ह’ ते दिसेल.
३. बँक जुनी निघाली तर आधी त्या खात्याची एन्ट्री मारून घ्या, अडकलेले पैसे तिथेच सापडतील.
४. मग रोजच्या वापरातल्या बँकेत जाऊन आधार सीडिंगचा फॉर्म भरा. ‘लिंक करा’ नको, ‘डीबीटीसाठी सीडिंग करा’ असंच म्हणा.

आमच्या केसमध्ये तिसऱ्या पायरीलाच सगळे पैसे मिळाले. मावशी म्हणाली, “पोरगं उगाच कंपनीला शिव्या देत होतं.”

भंडाऱ्यात हे जास्त महत्त्वाचं का?

आपल्या जिल्ह्यात उद्योग नाहीतच असं नाही. वरठीला सनफ्लॅगचा पोलाद कारखाना आहे, गडेगावला अशोक लेलँड, जवाहरनगरला आयुध निर्माणी, तुमसर तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्गला मॉइलच्या मँगनीज खाणी. शिवाय राईस मिल आहेतच. पण शिकलेली पोरं यांपेक्षा कितीतरी जास्त. साकोलीजवळ मुंडीपारला २०१३ मध्ये भेलच्या प्रकल्पाचं भूमिपूजन झालं, तो कारखाना उभाच राहिला नाही. त्या भरवशावर एका पिढीने ट्रेड निवडले होते.

विदर्भात उद्योग यावा म्हणून राज्य सरकार जास्त सवलती देतं. सवलत घेणाऱ्या उद्योगाला ८० टक्के स्थानिक माणसं घ्यावी लागतात. हे ऐकून बरं वाटतं, पण ‘स्थानिक’ची व्याख्या बघा: १५ वर्षं महाराष्ट्रात राहिलेला माणूस. म्हणजे गडेगावच्या गेटवर लाखनीचा पोरगा आणि सोलापूरचा पोरगा दोघंही सारखेच स्थानिक. जिल्ह्याच्या नावावर आरक्षण नाही. उरतं ते हातातलं कसब आणि त्याचा कागद.

अडचण दोन्ही बाजूंनी आहे. मालक म्हणतात कुशल माणूस मिळत नाही, पोरं म्हणतात काम मिळत नाही. दोघंही खरं बोलतात, कारण आयटीआयच्या वर्कशॉपमधलं मशीन आणि कारखान्यातलं मशीन यांत अंतर आहे. अप्रेंटिसशिप हे अंतर भरण्यासाठीच आहे. अप्रेंटिसला वर्षभर माल उचलायला लावला तर कंपनीला त्या महिन्यात स्वस्त हात मिळतो, पण पुढच्या वर्षी फिटर मिळत नाही, आणि पोरगा बुटीबोरी किंवा पुण्याची गाडी धरतो.

‘हो’ म्हणण्याआधी पाच प्रश्न

• माझं नातं कोणतं: अप्रेंटिस, योजनेतला प्रशिक्षणार्थी की कामगार?
• अप्रेंटिस असेन तर अप्रेंटिसशिप इंडिया पोर्टलवर माझा करार दिसतो का? त्याचा नंबर काय?
• करारातला ट्रेड माझ्या आयटीआयच्या ट्रेडशी जुळतो का? शेवटी परीक्षा आहे का?
• पैसे किती भागांत, कोणाकडून आणि कोणत्या खात्यात येणार?
• मुदत संपते कधी?

‘ट्रेनी’ म्हणून बोलावलं, पण करार नाही, योजनेत नाव नाही आणि नियुक्तीपत्रही नाही, असं असेल तर सावध व्हा. उद्या काही झालं तर तुम्ही तिथे होता हे दाखवायला हातात कागदच नसेल.

माझा भाऊ आता दुसऱ्या वर्षात आहे. कराराची पीडीएफ त्याने मोबाइलमध्ये सेव्ह केली आहे आणि संपण्याची तारीख कॅलेंडरमध्ये टाकली आहे. परवा त्याच्या मित्राने ग्रुपवर टाकलं, ‘लागलो.’ याने खाली लगेच विचारलं, “कशात? करार दाखव.”