साडेपंधरा हातांचा घोडा

घोड्याशी माझा संबंध म्हणाल तर तो मराठी भाषेपुरता. बखरी शिकवताना पागा, बारगीर, शिलेदार, मोतद्दार हे शब्द फळ्यावर लिहून त्यांचे अर्थ सांगण्यात माझी बावीस वर्षे गेली. प्रत्यक्ष घोड्यावर मी आयुष्यात दोनदाच बसलो. एकदा माथेरानला, आणि एकदा स्वतःच्या लग्नाच्या वरातीत. दुसऱ्या खेपेस घोड्यापेक्षा नवरदेवच अधिक बुजला होता, असे आमच्या घरात अजून चारचौघांसमोर सांगितले जाते.

अशा माणसाने गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत इंग्लंडात जाऊन अरबी घोडा पसंत करण्याच्या कामी भाग घेतला, हे ऐकून आमच्या स्टाफरूममधील मंडळी हसली. हसू द्या. पण त्या महिन्याभरात मला जे कळले ते बखरींत नाही, म्हणून लिहितो.

माझी थोरली बहीण आणि भाऊजी तीस वर्षांपासून वेल्सच्या सीमेजवळ, श्रॉपशर परगण्यात राहतात. भाऊजी तिथल्या इस्पितळात डॉक्टर. त्यांची एकुलती एक मुलगी, म्हणजे माझी भाची, सव्वीस वर्षांची आहे. आठव्या वर्षापासून घोड्यावर बसते, आणि उंची पाच फूट अकरा इंच! (उंची मामाकडची, असे ताई म्हणते. त्यात कौतुक किती आणि तक्रार किती, हे मी कधी विचारले नाही.) नोकरी लागल्यापासून चार वर्षे पै-पै साठवून तिने पाच हजार पौंड जमवले होते, आणि त्यातून तिला स्वतःचा अरबी घोडा घ्यायचा होता.

दोन वर्षांपूर्वी ही मुलगी दुसऱ्या कुणाच्या घोड्यावरून पडली होती. गळ्याजवळचे हाड मोडले, सहा आठवडे हात झोळीत. त्यामुळे मी निघण्यापूर्वी ताईचा फोन आला तो असा: "तू येतोच आहेस, तर तिच्याबरोबर घोडे बघायला जा. ती तुझं ऐकते. आणि हे बघ, प्रत्येकात काहीतरी खोड काढ. पत्रिका जुळत नाही म्हणून स्थळ नाकारतात ना, तसं."

मी "बरं" म्हणालो. म्हणजे विमानात चढलो तो वधूपक्षाचा मामा म्हणून नव्हे, तर फितूर म्हणून.

गेल्यावर पहिला धडा मोजमापाचा. इंग्रज लोक घोड्याची उंची हातांत मोजतात. आपला हात कोपरापासून बोटापर्यंत, अठरा इंचांचा. त्या हिशेबाने पंधरा हातांचा घोडा साडेबावीस फूट उंच होईल आणि त्याच्यावर चढायला शिडी लावावी लागेल. त्यांचा हात फक्त चार इंचांचा, म्हणजे तळव्याच्या रुंदीचा. मोजायचे ते डोक्यापर्यंत नव्हे, तर मान संपून पाठ सुरू होते तिथल्या उंचवट्यापर्यंत. 15.2 म्हणजे पंधरा हात आणि दोन इंच, थोडक्यात साडेपंधरा हात. पंधरा हात तीन इंचांनंतर एकदम सोळा येतात. आमच्या गणिताच्या प्राध्यापकांना ही पद्धत दाखवली तर ते राजीनामा देतील.

अस्सल अरबी घोडा साधारण 14.1 ते 15.1 हातांचा असतो. त्याहून उंच मिळतात, पण शोधावे लागतात. भाचीला 15.2 किंवा त्याहून उंच हवा होता, कारण जो तो तिला सांगे, "तू अरबावर बसलीस तर तुझे पाय जमिनीला लागतील." बरे, घोडा 'ऑल-राउंडर' हवा. हा शब्द आपल्याला क्रिकेटमुळे कळतो. 1952 साली लॉर्ड्सवर विनू मंकडांनी 72 आणि 184 धावा काढल्या, वर पाच बळीही घेतले. घोड्याकडून अपेक्षा तीच. रानातल्या वाटेने रपेट, रस्त्यावर मोटारींतून शांतपणे चालणे, लहानसहान अडथळ्यांवरून उडी, थोडी कवायती चाल, आणि वर्षातून दोन-तीनदा वीस-पंचवीस मैलांची लांब दौड. कशातच पहिला नंबर नको, पण कशालाही नाही म्हणता कामा नये.

पहिले स्थळ पाहायला गेलो ते जाहिरातीतला फोटो पाहून. सब्जा घोडा, 15.3, सात वर्षांचा. काय सांगू! किंचित खोलगट नाकाची रेषा, हरणासारखे डोळे, वर उचललेली शेपटी. आम्ही फाटकातून आत गेलो तेव्हा तो मान वळवून उभा होता, जणू चित्रकाराची वाट पाहत. मी तिथल्या तिथे ताईला विसरलो. माझ्याकडे पैसे असते तर मीच घेतला असता.

भाची मात्र त्याच्या तोंडाकडे बघेचना. "मामा, अरबाचं तोंड शेवटी बघायचं. आधी बघितलं तर पुढचं काही दिसत नाही," असे म्हणून ती खाली वाकली आणि खुरांपासून सुरुवात केली. गुडघ्याखालच्या नळीचा घेर टेपने मोजला. छातीची खोली पाहिली. मग मला हळूच म्हणाली, "सगळी उंची पायांत गेलीय."

ती वर बसली तेव्हा मला समजले. घोड्याचे पोट उथळ. तिचे पाय त्याच्या बरगड्या ओलांडून खाली लोंबत होते. स्वार घोड्याला जे सांगतो ते पोटरीच्या दाबाने. पोटरीखाली घोडाच नसेल तर सांगणार कुणाला? उंच घोडा म्हणजे उंच माणसाचा घोडा, हा माझा समज तिथे संपला. ठेंगणा पण खोल छातीचा घोडा लांब पाय पोटाशी सामावून घेतो. नुसता लंबटांग्या घोडा घेत नाही.

शिवाय खोगिराची अडचण होती. अरबाची पाठ आखूड असते. इतर घोड्यांना सामान्यतः बरगड्यांच्या अठरा जोड्या असतात, पुष्कळ अरबांना सतराच; कमरेचा मणकाही एखादा कमी. खोगीर शेवटच्या बरगडीच्या मागे जाता कामा नये, कारण तिथून पुढे वजन पेलायला आधार नाही. पण उंच स्वाराच्या मांड्या लांब, म्हणून त्याला बैठक लांब लागते. म्हणजे उंच माणूस आणि अरबी घोडा यांचे भांडण उंचीवरून नसून पाठीच्या लांबीवरून आहे! आणि पाय लांब झाले म्हणून पाठ लांब होते असे नाही.

आणखी एक. आम्ही पोहोचलो तेव्हा घोड्यावर खोगीर चढलेले होते आणि खोगिराखाली घाम होता. आम्ही येण्याआधीच त्याला तासभर दमवले असणार. "दमलेला घोडा साधूसारखा वागतो," भाची मोटारीत म्हणाली. उंचीही नाल ठोकलेल्या पायांनी मोजलेली. नाल काढले की अर्धा इंच गेला.

त्या रात्री जेवताना भाऊजींनी वेगळाच मुद्दा काढला. "अरब म्हणजे नाजूक जनावर. हिचं वजन त्याला पेलेल का?" हा प्रश्न वडिलांचा नव्हता, डॉक्टरांचा होता, आणि तो रास्त होता. भाचीने कागद घेतला. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त नको, असा ढोबळ नियम आहे. कमी असेल तितके बरे. तिचे वजन 70 किलो, खोगीर वगैरे 8. घोडा 430 किलोचा धरला तर मर्यादा 86. म्हणजे बसते, पण भाऊजींनी पानात वाढलेल्या दुसऱ्या पुरणपोळीकडे तिने पाहिले आणि ती परत केली.

आता मला राहवेना, कारण हा माझा प्रांत होता. मी म्हटले, भाऊजी, मराठी फौजेचे नाव ज्या भीमथडीच्या तट्टांनी गाजवले, ती काही उंच नव्हती. आणि अरबांचे म्हणाल तर एकोणिसाव्या शतकात बसरा आणि कुवेतहून गलबते भरभरून अरबी घोडे मुंबईला येत, आणि इंग्रज अधिकारी ते आपल्या मुंबईत विकत घेत. लॉर्ड रॉबर्ट्सने 1877 साली मुंबईत घेतलेला व्होनोलेल हा त्यांपैकीच. 1880 च्या ऑगस्टमध्ये काबूल ते कंदाहार ही सुमारे 300 मैलांची कूच रॉबर्ट्सने केली, तेव्हा हा घोडा त्याच्याबरोबर होता. व्हिक्टोरिया राणीने त्याला पदके दिली, आणि 1897 च्या मिरवणुकीत तो ती लेवून चालला. त्याची कबर डब्लिनमध्ये आहे.

"रॉबर्ट्स बुटका होता, मामा," भाची म्हणाली. ते खरे आहे. पण मग तिनेच मला पुढची गोष्ट सांगितली. पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेत घोडदळासाठी कोणती जात चांगली हे ठरवायला पाच दिवसांत सुमारे 300 मैलांच्या दौडी भरवत. 1921 साली ती दौड क्रॅबेट नावाच्या अरबी घोड्याने जिंकली, आणि त्याच्या पाठीवर 245 पौंड, म्हणजे 111 किलो भार होता. भाऊजी गप्प झाले.

उंचीचा सोस तसा जुनाच. हिंदुस्थानातल्या इंग्रजी पलटणींनी पुढे अरब मागे टाकून ऑस्ट्रेलियातले 'वेलर' घोडे आणले; ते उंच आणि थोराड असत.

दुसरे स्थळ कुमैत रंगाचे, 15.2, दहा वर्षांचे. यात मला खोड सापडेना आणि तिलाही. दोनदा जाऊन पाहिले. छाती खोल, नळी भरदार, रस्त्यावर लाकडाने भरलेली लॉरी शेजारून गेली तरी कान हलवण्यापलीकडे काही नाही. भाचीने त्याच्यासाठी मनात जागा केली होती, आणि खरे सांगायचे तर मीही.

मग डॉक्टरी तपासणी. हा डॉक्टर आपण नेमायचा, विकणाऱ्याचा नव्हे. तपासणी पाच टप्प्यांची असते. आधी उभ्या घोड्याचे डोळे, दात, हृदय, मग हातात धरून चालवणे आणि दुडकी, मग स्वार बसवून दमवणे, मग विश्रांती, आणि शेवटी पुन्हा दुडकी, म्हणजे गार पडल्यावर काही आखडते का ते दिसते. रक्तही काढून ठेवतात. घोडा पुढे लंगडू लागला, तर त्या दिवशी त्याला वेदनाशामक दिले होते का हे सहा महिन्यांपर्यंत तपासता येते. इतकी दक्षता आपल्याकडे जावई निवडतानाही कोणी घेत नाही!

डॉक्टरांनी कुमैताचा मागचा उजवा पाय मिनिटभर दुमडून धरला आणि सोडल्याबरोबर घोडा पळवायला सांगितला. पहिली पाच-सहा पावले तो स्पष्ट लंगडला. दुसऱ्यांदा केले, पुन्हा तेच. डॉक्टर 'पास' किंवा 'नापास' म्हणत नाहीत. ज्या कामासाठी घोडा घ्यायचा त्याला तो योग्य आहे का, एवढेच सांगतात. ते म्हणाले, रोज थोडे फिरायला ठीक. उड्या आणि लांब दौडी यांसाठी मी सल्ला देणार नाही.

भाची मोटारीत बसली आणि रडली. सव्वीस वर्षांची बाई, पण ती आठ वर्षांची असताना पुण्यात आमच्या अंगणात पडून रडली होती, तशीच. ताईला सांगण्यासाठी मला हवी ती खोड, डॉक्टरांच्या सहीशिक्क्यानिशी, अखेर हाती आली होती. मला मात्र त्या घोड्याच्या पायाचा राग येत होता. त्याच वेळी मी तिला खरे काय ते सांगून टाकले. ताईने मला कशासाठी पाठवले, आणि मी "बरं" कसे म्हणालो.

ती नाक पुसत म्हणाली, "मला माहीत होतं, मामा. आई फोनवर मोठ्यांदा बोलते."

तिसरे स्थळ जाहिरातीत नव्हतेच. तपासणीच्या डॉक्टरांनीच सांगितले की, एका शेतकरीणबाईंचे गुडघे गेले आहेत आणि त्यांना आपला घोडा चांगल्या घरी द्यायचा आहे. तांबूस, नऊ वर्षांचा, खच्ची केलेला. भाचीने आधीच कळवले होते की, आम्ही येईपर्यंत त्याला पकडू नका. तो कुरणात होता. हाक मारल्यावर स्वतः चालत आला. चारही पाय पांढरे आणि कपाळावर पांढरा पट्टा. मी ओरडलोच, "अगं, हा पंचकल्याणी! शुभ!" या साऱ्या खरेदीत माझ्या विद्वत्तेचा उपयोग झाला तो एवढाच. भाची म्हणाली, "म्हणजे चार पाय जास्त धुवायचे."

आधी त्या बाईंच्या मुलाला बसायला सांगितले, मग ती बसली. तिच्या पोटऱ्या बरोबर त्याच्या बरगड्यांवर टेकल्या. रस्त्यावर कुंपणाला अडकलेली प्लॅस्टिकची पिशवी फडफडली, तेव्हा तो थांबला, मोठ्याने फुरफुरला, नीट बघून घेतले आणि पुढे निघाला. भाचीला तेच आवडले. तिच्या मते जो घोडा कशालाच घाबरत नाही त्याची परीक्षा झालेलीच नसते; घाबरून पुढे जातो तो खरा.

दुसऱ्या भेटीला ताई स्वतः आली. शालीत हात गुंडाळून कुंपणाबाहेर उभी राहिली. तपासणी निर्वेध झाली होती, पासपोर्टवरचा आणि मानेतल्या चिपवरचा क्रमांक जुळला होता. (तिकडे घोड्यालाही पासपोर्ट असतो. माझा तयार व्हायला अधिक वेळ लागला.) ताईने मला बाजूला घेतले.

"सापडली का खोड?"

"सापडली," मी म्हटले. "पंधरा हात एक इंच आहे. एक इंच कमी."

ताईने माझ्याकडे पाहिले, मग मुलीकडे. भाची घोड्यावरून उतरून त्याचा तंग सैल करत होती. "मग तिला चालेल का तो?" ताईने विचारले, आणि विचारता विचारता फाटक उघडून आत गेली.

ऑगस्टमध्ये भाचीचा निरोप आला की, खोगीर बसवणाऱ्याला तीनदा बोलवावे लागले, आणि त्याच्या बिलाने तिचे उरलेले पैसे संपले. परवा दसऱ्याला फोटो आला. श्रॉपशरच्या धुक्यात पंचकल्याणी उभा आहे, कपाळावर कुंकू, गळ्यात ताईने ओवलेला झेंडूचा हार. दुसऱ्या फोटोत हार निम्माच आहे आणि घोडा काहीतरी चघळतो आहे.