कासव घरात नको, रानात हवे

कोलकात्याच्या अलीपूर प्राणिसंग्रहालयात ‘अद्वैत’ नावाचे एक महाकाय कासव होते. वजन सुमारे अडीचशे किलो. १८७५ च्या सुमारास ते तेथे आले आणि मार्च २००६ मध्ये मरण पावले. त्याचे वय अडीचशे वर्षे असल्याचे सांगत. जन्माची नोंद मात्र नाही. पण सव्वाशेहून अधिक वर्षे त्याने एकाच आवारात काढली, हे खरे.

या जातीचे मूळ घर म्हणजे हिंदी महासागरातील अल्डाब्रा बेट. त्याच महासागरातील मॉरिशस, रीयुनियन व रॉड्रिग्ज या बेटांवरही मोठी कासवे होती. अन्नपाण्यावाचून कासव महिनोन्‌महिने जगते. म्हणून खलाशी ती जिवंतच जहाजात भरत आणि लागतील तशी कापून खात. त्या तिन्ही बेटांवरच्या मूळ जाती कायमच्या नष्ट झाल्या. अल्डाब्राची तीच गत होऊ नये म्हणून १८७४ मध्ये चार्ल्स डार्विन व इतर शास्त्रज्ञांनी मॉरिशसच्या गव्हर्नरकडे दाद मागितली. बेट दुर्गम होते, पुढे संरक्षणही मिळाले. आज तेथे सुमारे एक लाख कासवे आहेत.

आपल्याकडे कासवांवर घाला घालतो तो गिऱ्हाईक. पाठीवर चांदण्यांची नक्षी असलेले स्टार कासव चोरून विकले जाते. घरात कासव ठेवले की पैसा टिकतो, अशी समजूत आहे. बंधू-भगिनींनो, पैसा घामाने येतो, कासवाने नाही! त्या समजुतीपायी कष्टाची कमाई मात्र चोरट्या व्यापाऱ्याच्या खिशात जाते.

मादीला अंडी घालण्याच्या वयाला येण्यास कित्येक वर्षे लागतात. त्यातून जन्मलेली बरीच पिल्ले पशुपक्षी खातात. जमा सावकाश आणि खर्च झटपट, असे झाले की खाते बुडायला वेळ लागत नाही.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार स्टार कासव विकणे, विकत घेणे व पाळणे गुन्हा आहे. त्यासाठी तुरुंगवास होऊ शकतो. २०१९ मध्ये त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरही बंदी आली.

कोणाकडे असे कासव असेल तर वनखात्याच्या कार्यालयाशी संपर्क साधून ते सोपवावे. नदीत किंवा विहिरीत सोडू नये. ते जमिनीवरचे कासव आहे, खोल पाण्यात बुडून मरते. मुलांनी कासवाचा हट्ट धरला, तर त्यांना प्राणिसंग्रहालयात न्या, कासव दाखवा आणि त्या तीन बेटांची हकीकत सांगा. मुले समजून घेतात.