ताडोबाला जायचंय? आधी गेट ठरवा, मग हॉटेल

मुलांच्या परीक्षा संपल्या की घरात एकच विषय निघतो, यंदा कुठे जायचं? उत्तर बहुधा ठरलेलं असतं. अजमेर, माथेरान, नाहीतर कोकणात खालाच्या गावी. जंगलाचं नाव सहसा कोणी काढत नाही. काढलंच तर अम्मी विचारतात, जेवणाचं काय? अब्बा विचारतात, नमाजचं काय? आणि विषय तिथेच संपतो. हे दोन्ही प्रश्न रास्त आहेत आणि दोन्हींची उत्तरंही आहेत. अडचण होते ती दुसऱ्याच गोष्टींमुळे, आणि पैसेही तिथेच बुडतात.

आमचंच सांगतो. पहिल्यांदा चंद्रपूर जिल्ह्यातल्या ताडोबाला गेलो तेव्हा आधी स्वस्त आणि चांगली खोली शोधली, मग सफारी घेतली. खोली होती मोहर्लीला, सफारी मिळाली कोलारा गेटची. दोन्ही ताडोबाचीच नावं, मग जवळजवळच असतील असं वाटलं. प्रत्यक्षात मोहर्ली जंगलाच्या दक्षिण बाजूला आणि कोलारा उत्तरेला. मधून जाता येत नाही, बाहेरच्या रस्त्याने फिरून जायला दोन तास तरी लागतात. सकाळची पाळी हुकली, पैसे परत मिळाले नाहीत. चूक आमचीच होती, तिकिटावर गेटचं नाव स्पष्ट लिहिलेलं होतं.

म्हणून आधी एवढं समजून घ्या. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाचे दोन भाग आहेत. आतला गाभा, म्हणजे कोअर, सुमारे 625 चौरस किलोमीटरचा. त्याच्याभोवती सुमारे 1,100 चौरस किलोमीटरचा बफर. कोअरमध्ये जायला मोहर्ली, खुटवंडा, कोलारा, नवेगाव, पांगडी आणि झरी अशी वेगवेगळी गेटं आहेत. बफरची गेटं वेगळी: आगरझरी, देवाडा, जुनोना, अलीझंझा, मदनापूर वगैरे. वाघाला काही कोअर-बफरची सीमा कळत नाही, बफरमध्येही तो दिसतो. कोअरचं तिकीट मिळालं नाही म्हणून सहल रद्द करू नका. ज्या गेटची सफारी मिळेल, त्याच गेटजवळ राहायचं.

सफारी रोज दोन पाळ्यांत असते, पहाटे आणि दुपारी. वेळा ऋतूप्रमाणे बदलतात. मंगळवारी ताडोबा बंद असतो, त्यामुळे सोमवार-मंगळवारचा मुक्काम ठेवलात तर दुसरा दिवस खोलीतच बसून काढाल. पावसाळ्यात 1 जुलै ते 30 सप्टेंबर कोअर बंद असतो. शनिवार-रविवारी दर जास्त आणि गर्दीही जास्त, तेव्हा जमत असेल तर बुधवार-गुरुवार बघा.

तिकीट वन विभागाच्या अधिकृत वेबसाइटवरूनच घ्या, जिच्या पत्त्याच्या शेवटी 'जीओव्ही डॉट इन' असतं. शोधायला गेलात की हुबेहूब सरकारी वाटणाऱ्या पुष्कळ खासगी साइट्स समोर येतात. एजंटकडून घ्यायला हरकत नाही, पण त्याचा वरचा आकार किती ते आधी विचारा. एका जिप्सीत सहा पर्यटक, शिवाय ड्रायव्हर आणि गाइड. पूर्ण जिप्सी घेतली की दोघे जा नाहीतर सहा जण, खर्चात फारसा फरक पडत नाही. तेव्हा दोन घरांनी मिळून गेलेलं बरं.

आता नावाची गोष्ट. ही आपल्या घरांत जरा नाजूकच आहे. बुकिंग करताना प्रत्येकाचं नाव आणि ओळखपत्राचा नंबर द्यावा लागतो, आणि गेटवर तेच मूळ ओळखपत्र दाखवावं लागतं. आपल्याकडे आधारवर 'मोहम्मद', मतदार कार्डावर 'मो.', पासपोर्टवर तिसरंच काही. कुठे शेख आधी, कुठे शेख शेवटी. बायकांच्या नावापुढे बेगम, बी, किंवा नवऱ्याचं नाव, प्रत्येक कागदावर वेगळं. घाईत फॉर्म भरणारा मुलगा अब्बांचं घरातलं नाव टाकतो आणि गेटवर अब्बाच अडकतात. ऐनवेळी नाव बदलून घेणं सहसा जमत नाही. समोर कार्ड ठेवा आणि त्यावर जसं आहे तसंच, अक्षर न् अक्षर भरा. जे कार्ड भरलं तेच सोबत घ्या, फोटोकॉपी नको. मोबाइलमधला फोटो तर अजिबात कामाचा नाही, कारण कोअरमध्ये मोबाइल नेताच येत नाही. मुलं याच्यावर रुसतात. आमची पण रुसली होती. तासाभराने मात्र दुर्बिणीसाठी आपसात भांडत होती. घरात साधा कॅमेरा पडून असेल तर तो काढा, आणि कॅमेऱ्याचं शुल्क लागतं का तेही बुकिंगच्या वेळीच बघून ठेवा.

नमाजचा हिशेब कागदावर मांडला की सोपा आहे. पहाटेच्या पाळीला फजर खोलीवर पढूनच निघायचं. गेटवर अर्धा तास आधी पोहोचायचं असतं, त्यामुळे सगळ्यांचं वुजू, चहा, बाथरूम धरून अजानच्याही आधी उठावं लागतं. दुपारच्या पाळीत जुहर उरकून बसता येतं, पण असर जंगलात येते. जिप्सीतून वाटेल तिथे उतरायला सक्त मनाई आहे, फक्त ठरवून दिलेल्या थांब्यावर पाय खाली ठेवता येतो. गाइडला सुरुवातीलाच सांगा की भाऊ, थांब्यावर आम्हाला दहा मिनिटं लागतील. सांगितलं तर बहुतेक जण समजून घेतात. थांबा वेळेत आला नाही तर काय, हा मसला निघण्याआधीच आपल्या मौलानांना विचारून घ्या. प्रवासात जुहर आणि असर एकत्र पढण्याची सवलत शाफई मसलकात आहे, हनफी मसलकात नाही. म्हणजे एकाच जिप्सीत कोकणातला मेहुणा आणि औरंगाबादचा साडू असले तर दोघांचं उत्तर वेगळं येईल! हिवाळ्यात दिवस लहान असतो, गेटबाहेर पडता पडता मगरिब होते. मुसल्ला आणि पाण्याची बाटली गाडीत हाताशी असू द्या. जुम्याला फक्त पहाटेची सफारी घ्या. मोहर्लीहून परतून चंद्रपूरला जुम्याची नमाज आरामात मिळते.

रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस आधी येतो. सध्या तो थंडीच्या हंगामात सरकतो आहे, म्हणजे नेमका जंगलाच्या सुखाच्या दिवसांत. रोजा ठेवून धुळीत चार तास जिप्सीत हेलकावे खाणं वडीलधाऱ्यांना झेपत नाही. ईद होऊ द्या, मग जा. एप्रिल-मेमध्ये पाणी आटतं, जनावरं पाणवठ्यावर येतात, त्यामुळे वाघ दिसण्याची शक्यता वाढते. पण चंद्रपूरचा उन्हाळा म्हणजे पारा 45 अंशांच्याही वर. घरात दमेकरी किंवा तान्हं मूल असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीच बरा. त्या दिवसांत पहाटे उघड्या गाडीत थंडी हाडात शिरते, ब्लँकेट न्याच.

जेवणाचं थोडक्यात. रिसॉर्टमध्ये मटण-चिकन हलाल आहे का, हे फोनवर बुकिंगच्या आधी विचारा, पोहोचल्यावर नको. स्पष्ट उत्तर आलं नाही तर दोन दिवस डाळ, भात, अंडी खाऊन कोणाचं काही बिघडत नाही. गोश्तची हौस नागपूरच्या मोमिनपुऱ्यात भागवता येते. घरून खाकरे, खजूर, तळलेले पदार्थ नेलेत तरी जिप्सीत उघडू नका, आणि पिशवी-कागद जंगलात अजिबात टाकू नका.

कपडे मातकट रंगाचे. काळ्या बुरख्याला कोणी अडवत नाही, पण दुपारच्या उन्हात तो तापतो आणि लाल धूळ त्यावर उठून दिसते. तपकिरी किंवा शेवाळी अबाया घातलेला बरा. अत्तर त्या दिवशी राहू द्या.

आणि वाघ दिसलाच नाही तर? आम्हाला तीनपैकी एका सफारीत दिसला, तोही पाठमोरा. पण रानगवा दिसला, अस्वल दिसलं, कोळसून म्हणजे रानकुत्र्यांची टोळी दिसली, तलावाकाठी मगर दिसली. झाडावरचं वानर खाकरलं, पाठोपाठ चितळ ओरडलं, तशी आमच्या गाइडने गाडी बंद करायला लावली. अख्खी जिप्सी श्वास रोखून बसली. ती पाच मिनिटं आमच्या मुलांना अजून आठवतात.

हे गाइड आणि ड्रायव्हर बहुतेक आसपासच्या गावांतलेच असतात. त्यांच्याशी बोला. ताडोबा हे नाव तारू या गोंड पुढाऱ्यावरून पडलं असं ते सांगतात. वाघाशी लढताना तो गेला, आणि तलावाकाठी त्याचं ठाणं आहे. ही जुनी गोष्ट झाली, पण या जिल्ह्यात आजही मोहफुलं वेचायला, तेंदूपत्ता तोडायला, गुरं चारायला गेलेली माणसं वाघाच्या हल्ल्यात दगावतात. आतली जामणी, बोटेझरी, नवेगाव ही गावं उठवून बाहेर वसवली गेली. आपण पैसे भरून जो वाघ बघायला जातो, त्याच्यासाठी या लोकांनी घर सोडलं आहे. म्हणून "वाघ दाखवला तरच बक्षीस" असली भाषा गाइडशी करू नका, आणि वाघाच्या जवळ गाडी घालायला ड्रायव्हरच्या मागे लागू नका. नियम मोडला तर कारवाई त्याच्यावर होते, रोजी त्याची जाते. कुत्र्याला पाणी पाजणाऱ्या माणसाची हदीस मुलांनी मदरशात ऐकलेली असते. उन्हाळ्यात वन विभागाने भरलेला पाणवठा दाखवून आम्ही ती पुन्हा सांगितली, तेव्हा धाकटी म्हणाली, "मग इथे सवाब कोणाला मिळतो, टँकरवाल्याला?"

मुंबई-पुण्याहून निघणाऱ्यांनी रेल्वेने नागपूर किंवा चंद्रपूर गाठावं. मोहर्लीसाठी चंद्रपूर सोयीचं. कोलाऱ्याला जायचं असेल तर नागपूरला उतरा. हजरत बाबा ताजुद्दीन यांचा ताजबाग उमरेड रस्त्यावरच आहे आणि तोच रस्ता पुढे उमरेड, भिसी, चिमूर करत कोलारा गेटकडे जातो. सकाळी जियारत करून निघालात तर संध्याकाळच्या आत मुक्कामी पोहोचाल. पहिल्या दिवशी सफारी मात्र ठेवू नका, गाडी उशिरा आली तर तिकीट फुकट जातं.